निळ्या संघाच्या साहेबांचा गोपनीय अहवाल

सकाळी सहाच्या सुमारास आमच्या भिंतीपलीकडून दणदणीत आवाज येतो, “सत्राच्या मधात बदली? अन् तीबी लेकरं शाळेत असलेल्या माणसाची? ह्याला साहेब केलं कोणी?”

गल्लीत नव्यानं राहायला आलेल्याला वाटतं, शेजारी कुणी संस्थाचालक असावा आणि सकाळी सकाळी मुख्याध्यापकाला फोनवर झापत असावा. तसं काही नाही. पलीकडे राहतात उत्तमराव पाईकराव. शिक्षण खात्याच्या कचेरीतून मोठे बाबू म्हणून निवृत्त झालेले, वय चौसष्ट. आणि ज्यांना ते झापत असतात ते साहेब हिंगोलीत नसतात, महाराष्ट्रातही नसतात. ते अमेरिकेत असतात. तिथल्या एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाचे ते जनरल मॅनेजर. कोणता खेळाडू ठेवायचा, कोणता सोडायचा, कोणाला देऊन कोणाला आणायचं, हे सगळं ठरवणारा माणूस. त्या बिचाऱ्याला हिंगोली नावाचं गाव आहे हे ठाऊक नाही, आणि त्या गावात दर साली आपला गोपनीय अहवाल लिहिला जातो हेही ठाऊक नाही.

पाईकरावांकडे नोकरीची बावीस वर्षं एकच टेबल होतं, शिक्षकांच्या बदल्यांचं. कोणता गुरुजी कुठं आहे, त्याची बायको कुठं नोकरीला आहे, त्याच्या आईला कोणता आजार आहे आणि तो आजार खरा आहे की अर्जापुरता आहे, हे त्यांना तोंडपाठ. चहा पाजायला गेलेल्या मास्तरला ते स्वतःच्या खिशातून चहा पाजून परत पाठवायचे. कचेरीतली टाचणीसुद्धा त्यांनी कधी घरी आणली नाही. मी स्वतः मास्तर आहे, म्हणून हे अनुभवानं सांगतो. माझं लग्न ठरलं त्या साली मी एका पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो. त्यांनी ती शांतपणे वाचली, माझ्याच अर्जाला मागून टाचली आणि म्हणाले, “सर, वशिल्याची चिठ्ठी बी रेकॉर्डला लागते.” त्यानंतर सात वर्षं मी आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पलीकडच्या शाळेत जीपला लोंबकळत गेलो. पुढे हिंगोलीत घर घेतलं ते नेमकं त्यांच्या भिंतीला भिंत लावून. आधी माहीत असतं तर मी वाशीमला घर पाहिलं असतं.

घरात ते एकटेच. त्यांची बायकोही शिक्षिका. तिला ते मॅडम म्हणतात, तोंडावर आणि मागेही. मॅडमची जवळजवळ सगळी नोकरी औंढ्याच्या डोंगराकडच्या आंबाडी तांड्यावर गेली. नोकरी चालू असताना त्या शनिवारी जीपनं हिंगोलीला यायच्या आणि सोमवारी पहाटे परत जायच्या. दोन वर्षांखाली त्या निवृत्त झाल्या तेव्हा पाईकरावांनी सगळ्या घराला रंग दिला, स्वयंपाकघरात फरशी बदलली. मॅडम आल्या, रंग पाहिला, “चांगला दिला” म्हणाल्या, चार दिवस राहिल्या आणि तांड्यावर परत गेल्या. आता तिथेच राहतात. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी विषय काढत नाही. चुकून कोणी काढलाच तर पाईकराव म्हणतात, “येतील मॅडम,” आणि दुसरीकडे पाहतात.

आता हे बास्केटबॉलचं खूळ. त्याला जबाबदार मी आहे.

पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं त्यांना मोठा टीव्ही घेऊन दिला आणि त्यावर जगातले सगळे चॅनेल सुरू करून दिले. एका सकाळी त्यांनी मला भिंतीवरूनच हाक मारली. गेलो तर टीव्हीवर एक सात फुटाच्या घरात जाणारा माणूस माईकपुढे बसून घळाघळा रडत होता.

“सर, हा एवढा उंच माणूस रडून काहून राहिला?”

मी खालची पट्टी वाचली. अकरा वर्षं एकाच संघात खेळलेल्या या चौदा नंबरच्या खेळाडूला त्या संघानं दुसऱ्या संघाला देऊन टाकलं होतं आणि बदल्यात एक तरुण खेळाडू घेतला होता. हे सगळं समजावून सांगायचा मला कंटाळा आला. शाळेला उशीर होत होता. मी म्हणालो, “काही नाही हो. बदली झाली त्याची.”

एवढंच म्हणालो. पाईकरावांनी खुर्ची पुढे ओढली.

“विनंती का प्रशासकीय?”

“म्हणजे?”

“यानं मागितली व्हती का वरून झाली?”

“वरून.”

“हे सत्राच्या मधात करतेत?”

“करतात.”

“अन् याचं बिऱ्हाड?”

मोबाईलवर पाहिलं तर त्याची बायको त्या गावात लहान मुलांची शाळा चालवत होती. ती जागची हलणार नव्हती. नवरा चालला होता दीड हजार मैलांवर, जिथं सहा महिने बर्फ असतो अशा गावी. मी हेही सांगून टाकलं. पाईकरावांनी त्या रडणाऱ्या माणसाकडे पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, “पती-पत्नी एकत्रीकरण न्हाई. अन् वरून अवघड क्षेत्र. ह्या साहेबाची फाईल पाहावी लागते.”

त्या दिवसापासून फाईल सुरू झाली.

त्या खेळाडूचं आडनाव मॅलरी. पाईकरावांनी त्याचं मल्हारी गुरुजी करून टाकलं. त्यांच्या लेखी सगळेच खेळाडू गुरुजी. “तेवीस नंबरचे गुरुजी वैद्यकीय रजेवर हायेत,” “हे नवीन गुरुजी चांगले हायेत, पण वर्गात मोबाईल पाहतेत.” संघाचे कपडे निळे, म्हणून संघाचं नाव निळे. तो रंग पाहूनच त्यांनी संघ आपला मानला असावा असा माझा संशय आहे, पण ते कबूल करत नाहीत. दर साली नवीन पोरं निवडून घेतात त्यांना ते शिक्षणसेवक म्हणतात. संघात किती जण ठेवता येतात याच्या नियमाला संच मान्यता म्हणतात. मी एकदा दुरुस्त करायला गेलो, तर म्हणाले, “सर, नाव काई बी ठिवा. माणूस इकडून उचलून तिकडं ठिवला, की ती बदलीच.” त्यानंतर मी दुरुस्त करायचं सोडून दिलं.

गंमत म्हणजे खेळात त्यांना काडीचा रस नाही. चेंडू जाळीतून गेला काय आणि बाहेर पडला काय, त्यांचं लक्ष कडेच्या बाकावर. कोण बसलंय, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाचं तोंड उतरलंय. निळे जिंकले आणि सगळं मैदान नाचायला लागलं तरी हे बोट दाखवून म्हणणार, “ते पाहा. अकरा वर्षं सेवा झालेला माणूस बाकावर अन् काल लागलेलं पोरगं मैदानात. सेवाज्येष्ठता कुठं गेली?”

बसस्टँडजवळ रज्जाकभाईंचं चहाचं हॉटेल आहे. आम्ही दोघं संध्याकाळी तिथं जातो. पाईकरावांच्या तोंडून रोज तेच ऐकून रज्जाकभाईही मोबाईलवर निळ्यांचे सामने पाहायला लागले आणि बघता बघता साहेबांच्या बाजूचे झाले. त्यांचं म्हणणं सरळ होतं.

“बाबूजी, मॅनेजर का काम टीम को जिताना है. कौन रोया, कौन हँसा, उसको क्या करना?”

“निकाल तर कॉपी करून बी लागतो, रज्जाकभाई. स्टाफ समाधानी हाय का ते पाहा.”

“अरे, पुराना माल निकालके नया लाया ना वो! हिंमत लगती है.”

“माल?” पाईकरावांनी कप खाली ठेवला. “माणसाला माल म्हणायचं न्हाई.”

त्या उन्हाळ्यात साहेबांनी मोठा डाव खेळला. तीन तरुण खेळाडू दिले, वर पुढच्या चार सालांत निवडायच्या नवीन पोरांवरचा हक्कही दिला, आणि बदल्यात एक नामांकित खेळाडू आणला. अमेरिकेत वाहवा झाली. रज्जाकभाईंनी आम्हाला चहा फुकट पाजला. पाईकरावांना मात्र हा व्यवहार मी तीन वेळा समजावून सांगितला तरी पटेना.

“म्हंजी जे लेकरू आज दहावीला हाय, त्याची बदली ह्यानं आत्ताच करून टाकली?”

“हो.”

“त्याच्या मायबापाला तरी सांगितलं का?”

पण त्यांचा खरा आक्षेप पुढचाच होता. रज्जाकभाईंच्या टेबलावर त्यांनी साखरेचा डबा, बिस्किटाची बरणी आणि पाण्याचा जग असे शेजारी शेजारी ठेवले. “हे पाहा. हा नवीन गुरुजी गणिताचा. पह्यले दोन हायेत तेबी गणिताचेच. तिघायलाबी खडू पायजे. फळा एकच. मल्हारी गुरुजी भाषेचे व्हते. स्वतः कमी लिवायचे, पण ज्याला पायजे त्याच्या हातात खडू बराबर द्यायचे. तो माणूस ह्यानं घालवला. शाळा बुडली समजा.”

रज्जाकभाई हसले. मीही हसलो. नव्या मोसमात निळे ओळीनं हरत सुटले. तिघेही मोठे खेळाडू चेंडू एकमेकांच्या हातून ओढून घेत असल्यासारखे खेळत होते. अमेरिकेतले जाणकार टीव्हीवर बसून जे सांगत होते, ते पाईकरावांनी चार महिने आधी बिस्किटाची बरणी मांडून सांगितलं होतं. रज्जाकभाईंनी त्या दिवसापासून ती बरणी टेबलावरून हलवली नाही. गिऱ्हाईक आलं की दाखवायचे, “ये गणित का मास्तर है.”

मोसम संपला तसा पाईकरावांनी साहेबांचा पहिला गोपनीय अहवाल लिहिला. कोरा कागद घेऊन पट्टीनं रकाने आखले. सचोटी : निःसंशय. वक्तशीरपणा : चांगला. निर्णयक्षमता : आहे, परंतु घाई. हाताखालील लोकांविषयी आस्था : आढळून आली नाही. प्रतवारी : ब उणे.

मला वाटलं, झालं, कागद फायलीत जाईल. पण नियमाचा माणूस नियमानंच वागणार. प्रतिकूल शेरा लिहिला तर तो संबंधिताला कळवावा लागतो, नाहीतर त्याच्यावर अन्याय होतो. ते तीन दिवस माझ्या मागं लागले. शेवटी मी त्याचं इंग्रजी केलं आणि संघाच्या वेबसाईटवर सूचना पाठवायची जागा होती तिथं टाकून दिलं. पाचव्या मिनिटाला उत्तर आलं : आपलं मत आम्हाला मोलाचं आहे, आपल्या पत्राचा क्रमांक अमुक अमुक. असं उत्तर यंत्र आपोआप पाठवतं. पाईकरावांना तसं सांगितलं तर ते म्हणाले, “असू द्या. आवक नंबर तर पडला. नंबर पडलेला कागद गहाळ होत न्हाई.”

आणि मग त्यांनी मल्हारी गुरुजींचं प्रकरण हातात घेतलं.

गुरुजी आता छत्तीस वर्षांचे झाले होते. अजून एखादा मोसम खेळतील, मग थांबतील, असं सगळेच बोलत होते. “एवढी एक बदली व्हायला पायजे सर,” पाईकराव म्हणाले. “शेवटच्या साली तरी माणूस घरी पायजे. रिटायर झाल्यावर घरी येनं अन् नोकरी असताना येनं, यात लई फरक असतो.” हे ते इतकं कळवळून म्हणाले की मी थट्टा करायची थांबलो.

नुसता विनंती अर्ज करून भागणार नव्हतं, कारण निळ्यांची संच मान्यता पूर्ण भरलेली. तेव्हा मार्ग एकच, आपसी बदली. दोघांनी एकमेकांच्या जागी जायचं, खात्याचा काही तोटा नाही. पण त्यासाठी निळ्यांत असा खेळाडू पाहिजे ज्याला त्या बर्फाच्या गावी जायचंय. पाईकराव पंधरा दिवस हुडकत होते. म्हणजे मी माझ्या मोबाईलवर हुडकत होतो आणि ते खुर्चीत बसून घाई करत होते. सापडला. एकतीस नंबरचं एक पोरगं, बाकावर बसून असायचं, त्याची आई त्याच बर्फाच्या गावात राहायची आणि तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

“आईचं आजारपण खरं हाय का?” पाईकरावांनी जुन्या सवयीनं विचारलं.

“फोटो आहे. काठी घेऊन चालतेय.”

“मंग लिवा.”

विषय : पती-पत्नी एकत्रीकरणांतर्गत आपसी बदलीने पदस्थापना मिळणेबाबत. संदर्भ : मागील पत्राचा आवक क्रमांक. मी इंग्रजी केलं, पाठवलं. पुन्हा यंत्राचं उत्तर, पुन्हा नंबर. दर महिन्याच्या एक तारखेला स्मरणपत्र. सातव्या स्मरणपत्राला माझी बायको म्हणाली, “तुमी दोघं एकदा डाक्टरला दाखवा.” आठवं स्मरणपत्र मी शाळेतून पाठवलं.

आणि फेब्रुवारीत, बदल्यांची मुदत संपायच्या दिवशी, ती बदली झाली.

अगदी तशीच. चौदा नंबर निळ्यांकडे, एकतीस नंबर बर्फाच्या गावी. साहेबांनी पत्रकारांना सांगितलं की संघात अनुभवी माणूस कमी पडत होता. रज्जाकभाईंनी ती बातमी हॉटेलात चार वेळा मोठ्यानं लावली. पाचव्या वेळी आत बसलेला एक ड्रायव्हर म्हणाला, “म्हंजी आपल्या बाबूनं केलं?” आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या हिंगोलीत ती खबर पसरली की पाईकराव बाबूंनी अमेरिकेत बदली करून आणली.

मी लोकांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. कोणी ऐकेना. दुसऱ्या दिवशी कनेरगाव नाक्याकडचे दोन गुरुजी शाल आणि नारळ घेऊन आले. एकाला दुसऱ्याच्या शाळेत जायचं होतं, दुसऱ्याला पहिल्याच्या. “बाबू, तुमचं तिकडं चालतं, मंग इकडं काहून न्हाई चालणार?” पाईकराव म्हणाले, आता बदल्या ऑनलाइन होतात, माझ्या हातात काही नाही. तर ते गुरुजी म्हणाले, “अमेरिकेतबी ऑनलाइनच झाली ना?” शाल पाईकरावांच्या अंगावर घालूनच ते गेले. तिसऱ्या दिवशी एक बाई लेकाच्या पोलीस भरतीचा कागद घेऊन आल्या.

मला वाटलं होतं म्हातारा आता हवेत तरंगणार. पण दोन दिवस त्यांचा टीव्ही बंद होता. रविवारी सकाळी मी जाऊन पाहिलं तर ते अंगणातल्या खुर्चीत बसले होते, शाल घडी करून मांडीवर.

“काय झालं? गुरुजी घरी आले की. तुमच्या मनासारखं झालं.”

“झालं,” ते म्हणाले. “टीव्हीवर पाहिलं. बायको न्यायला आली व्हती त्याला विमानतळावर.” आणि मग काही न विचारता सांगायला लागले.

मॅडम दर उन्हाळ्यात हिंगोलीजवळ बदली मागायच्या. नवरा-बायको दोघेही नोकरीत, नियमात सगळं बसत होतं. अर्ज लिहून त्या शनिवारी नवऱ्याच्या हातात द्यायच्या, सोमवारी कचेरीत द्या म्हणून. पाईकरावांनी त्यातला एकही अर्ज कचेरीत नेला नाही. बदल्यांचं टेबल त्यांच्याकडे. लोक म्हणाले असते, बाबूनं आधी आपल्या घरचं पाहिलं. पिशवीतला अर्ज पिशवीतच राहायचा, घरी ट्रंकेत जायचा, आणि मॅडमना सांगायचे, पुढच्या साली पाहू. असे बारा अर्ज झाले. तेराव्या साली मॅडमनी अर्ज दिला नाही. यांना वाटलं, बरं झालं, समजूतदार हायेत.

“मला लई घमेंड व्हती सर, सरळपणाची. सगळ्या जिल्ह्याच्या बायकायला नवऱ्याच्या गावी आणलं. एक सोडून.” त्यांनी मांडीवरची शाल सरळ केली. “आता ह्या घरात सकाळपासून बोलाया कोणी न्हाई. म्हणून त्या साहेबाला शिव्या देतो. त्याचं काय चुकलं? त्यानं निदान परत तर आणलं.”

 त्या सात वर्षांचा मनात धरलेला माझा राग त्या क्षणी मला फार किरकोळ वाटला, आणि त्या माणसाची फार कीव आली.

त्यांनी शालीखालून एक कागद काढला. पट्टीनं रकाने आखलेला. “एवढं वाचून द्या. चूक न्हाई राहिली पायजे. त्या मॅडम हायेत.”

अर्जदार : उत्तमराव पाईकराव. सक्षम प्राधिकारी : मॅडम. बदलीचा प्रकार : विनंती. मागणीचे ठिकाण : आंबाडी तांडा. कारण या रकान्यात आधी ‘वृद्धापकाळ’ लिहून खोडलं होतं, मग ‘वैद्यकीय’ लिहून खोडलं होतं. शेवटी लिहिलं होतं, ‘करमत नाही.’

“चला,” मी म्हणालो, आणि गाडी काढली.

तांड्यावर पोचलो तेव्हा मॅडम दारापुढच्या बाजेवर बसून कोणाचा तरी आधार कार्डाचा फॉर्म भरत होत्या. तांड्यातले सगळे कागद त्याच भरतात. समोर तीन बायका कागद घेऊन उभ्या होत्या. मॅडमनी आम्हाला पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा फॉर्ममध्ये डोकं घातलं. मला वाटलं पाईकराव पुढे जातील. ते त्या तीन बायकांच्या मागे जाऊन ओळीत उभे राहिले. अर्ज दोन्ही हातांत धरलेला. एका बाईनं मागं सरून त्यांना जागा देऊ केली तर म्हणाले, “न्हाई, न्हाई. तुमचा नंबर आधी.”

अर्धा तास गेला. मॅडमनी घाई केली नाही. त्यांचा नंबर आला तेव्हा कागद घेतला, चष्मा पुसला आणि वाचला. फॉर्म भरून झालेल्या बायकाही गेल्या नव्हत्या, तिथंच थांबल्या होत्या.

“कारण, करमत नाही,” मॅडमनी मोठ्यानं वाचलं. “हे कोणत्या जीआरमधी बसतं?”

“न्हाई बसत.”

“मंग?”

“नियमात न्हाई. पण खरं हाय.”

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मॅडम हसल्या नाहीत.

“बारा अर्ज दिले तुमच्या हातात,” त्या म्हणाल्या. “एकदाबी विचारलं न्हाई, काहून पायजे बदली. विचारलं असतं तर मीबी हेच सांगितलं असतं.”

बायकांचं हसू थांबलं. पाईकराव मान खाली घालून उभे होते. “चूक झाली मॅडम,” ते म्हणाले. “लई मोठी झाली.”

मॅडमनी अर्जावर सही केली नाही, शेरा लिहिला नाही. कागदाची घडी घातली आणि उठून आत गेल्या. पाईकरावांनी माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षं लोक यांच्या टेबलापुढे असेच पाहत असतील.

“सर, नामंजूर का?”

 तेवढ्यात आतून हाक आली, “सर, जरा इकडं या.”

आत गॅसवर चहा ठेवला होता. मॅडमच्या एका हातात साखरेचा डबा होता, दुसऱ्यात चमचा. त्यांनी बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, “सर, हे चहात साखर घेतेत का आता? का डाक्टरनं बंद केली? मला काईच म्हाईत न्हाई हो.”

“अर्धा चमचा,” मी म्हणालो.

त्यांनी अर्धा चमचा मोजून टाकला. डबा बंद न करता तशाच उभ्या राहिल्या.

“अन् जेवायला? भाकर चालते का पोळीच लागते? गोळी कोणती हाय, सकाळची का संध्याकाळची?”

मी एकेक सांगत गेलो आणि त्या मान हलवत ऐकत गेल्या. बाहेर पाईकराव अजून उभेच होते.